चार किलोंची थाप

वजनकाटे दुरुस्त करणं हा माझा धंदा. वीस वर्षांत एकाही दुकानदाराला मी गिऱ्हाइकाला काटा मारू दिला नाही. आणि शेवटी स्वतः मारला तो कुणाला, तर सख्ख्या नवऱ्याला.

नवरा उंच क्रेन चालवतो. कंपनीने फर्मान काढलं: दोन महिन्यांनी तपासणी, वजन शंभरच्या वर भरलं की माणूस खाली, गोदामात. आमची स्वारी एकशे दोन. बारा वर्षं ढगांशेजारी बसलेला माणूस तो, गोदामाच्या नुसत्या नावाने त्याचा चेहरा उतरला.

दिवसातून सहा वेळा काट्यावर चढायचा. जेवण निम्म्यावर आणलं, पण झोप उडाली आणि बिस्किटांचे पुडेच्या पुडे फस्त होऊ लागले. आठवड्यात एक किलो वाढलं. कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काळजीने अंगात कॉर्टिसोल वाढतं, ते रक्तात साखर सोडतं, गोडाची भूक चाळवतं आणि पोटावर चरबी चढवतं. उपाय काय, तर टेन्शन घेऊ नका. वा! जसं काही तो ते दुकानातून विकतच आणत होता.

मग मी घरचा काटा उघडला. रिकामा असताना शून्यच दाखवेल, पण तो चढला की चार किलो गिळेल, अशी जुळणी केली. "काटाच बिघडला होता, जास्त दाखवत होता, आता नीट केला," असं त्याला ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी आकडा आला नव्व्याण्णव. गडी खूश. गाढ झोपायला लागला, पुड्यांना हात लावेना, कामावरून शीळ घालत चालत यायला लागला. खरं वजन उतरेल तसा मीही काटा गुपचूप खऱ्यावर आणत गेले.

माझं मात्र विचारू नका. त्याने बाहेर कुठे वजन केलं तर? या धास्तीने आता मीच बिस्किटं फस्त करायचे.

तपासणीत साडेअठ्ठ्याण्णव भरलं, क्रेन राहिली. तो नाचतच घरी आला आणि मला राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं. त्याने हाताला धरून मला काट्यावर उभं केलं. पाच किलो वाढले होते.

"आता तुला कोण फसवणार?" तो म्हणाला.

मी पेचकस त्याच्या हातात दिला, कुठला स्क्रू फिरवायचा ते दाखवलं आणि म्हणाले, "किती फिरवलास, ते मला सांगू नकोस."