नवसागराची भिंत

ऑगस्टा जहाजाच्या शेवटच्या तेलटाकीत आणि बॉयलरखान्यात पोलादाची एकच भिंत होती, आणि तिच्या अलीकडे, धगधगत्या भट्टीसमोर, माझा मुलगा मॅथ्यू मुख्य इंजिनिअर म्हणून उभा राहणार होता.

तोवर आमच्या, हेस्लॉपांच्या गोदीतून टाइन नदीत कोळशाचीच जहाजे उतरली होती. पिंपे न रचता थेट आपल्या पोटात तेल वाहून नेणारे पोलादी जहाज आम्ही प्रथमच बांधत होतो. यजमानांच्या पश्चात गोदी माझ्या शब्दावर चालत असे, आणि शब्द मी जपून वापरीत असे.

त्या दिवशी टाकी पाण्याने काठोकाठ भरली होती. जहाजे तपासून पास करणारे सर्व्हेअर फॉसेट साहेब बॉयलरखान्यात उभे राहून पत्रे जोडणाऱ्या एकेका रिव्हेटवर हातोडी वाजवीत होते. घट्ट रिव्हेट खणखणीत बोलतो, ढिला भद्द वाजतो. सगळे खणखणीत बोलले. भिंतीवर पाण्याचा थेंबही नव्हता, आणि मला नेमके तेच खुपले. नवी भिंत थोडी तरी पाझरतेच.

"डॉड्स," मी आमच्या फोरमनला विचारले, "नवसागर मारला होता?"

"मारला की, बाईसाहेब. कधी नाही मारला?"

त्याच्या आवाजात चोरी नव्हती. नवसागराच्या पाण्याने सांधे गंजतात, गंज फुगतो आणि फट बुजते. नदीकाठची ही जुनी रीत होती. माझ्या यजमानांनीही ती पाळली होती.

"नियमात याला मनाई नाही," फॉसेट साहेब म्हणाले आणि शिक्का मारण्यासाठी त्यांनी पिशवीत हात घातला.

"पाण्याला हे चालतं. तेलाला?"

डॉड्स हसला. "पाणी अडलं, तिथं तेलाची काय कथा, बाईसाहेब?"

"तुमच्या घरी दिवा कोण पुसतं?"

"बायको."

"मग तिला विचारा, रॉकेलच्या दिव्याची टाकी रोज बाहेरून ओशट का होते. त्याच टाकीत पाणी भरून ठेवा, हवी तितकी कोरडी राहील."

रिव्हेट ठोकणाऱ्यांपैकी कोणीतरी मागे खुसखुसले. डॉड्सचा चेहरा लालबुंद झाला.

"पाणी काढा," मी म्हणाले. "टाकी पुसून घ्या आणि छातीइतकं रॉकेल भरा. या बाजूनं भिंतीला चुना लावा, म्हणजे डाग लपणार नाही. मॅथ्यू, सगळ्यांत आधी भट्टी विझव."

मॅथ्यूने फावडे उचलले नाही. तो डॉड्सच्या हाताखाली वाढला होता. "आई, ही वाफ धरायला मी पहाटेपासून खपतोय. आणि डॉड्सकाकांनी बांधलेल्या भिंतीवर माझा विश्वास आहे. भट्टी राहू दे. मी इथंच उभा राहतो."

"आणि मी त्याच्या शेजारी बसतो," डॉड्स म्हणाला. "पाइप ओढत."

"पाइप धक्क्यावर ठेवून या, डॉड्स, मग खुशाल बसा. आणि मॅथ्यू, मुख्य इंजिनिअर तू उद्या होशील. आज जहाज माझं आहे. विझव."

त्याने माझ्याकडे न पाहता निखारे ओढले आणि त्यांवर पाणी ओतले. सगळा खाना वाफेने भरला. त्या वाफेतून डॉड्सचा आवाज आला. "भिंत कोरडी निघाली, तर उद्यापासून मी आणि माझी माणसं दुसऱ्या गोदीत."

आता मागे कोणी हसले नाही. ती माणसे गेली असती, तर गोदीला कुलूप लागले असते.

"ठीक आहे," मी म्हणाले.

पाणी उपसून, पिंपामागून पिंप रॉकेल टाकीत रिचवेपर्यंत जेवणाची शिट्टी होऊन गेली. दिव्याला मी मनाई केली होती. वरच्या झाकणातून येईल तेवढाच उजेड त्या पांढऱ्या भिंतीवर पडत होता. चुना सुकला, आणि सुकलेलाच राहिला.

"बाईसाहेबांना खुर्ची आणा रे," डॉड्स म्हणाला. "रॉकेल वाट चुकलंय."

खुर्ची आली. मी बसले नाही. फॉसेट साहेबांनी घड्याळ काढले, पाहिले आणि परत खिशात घातले. मॅथ्यू भिंतीकडे पाठ करून उभा होता. आपण चुकलो असू, हा विचार मनात आला. मी त्याला थारा दिला नाही, पण तो गेलाही नाही.

मग फॉसेट साहेब खाकरले. "मॅडम, तिथं."

एका रिव्हेटखाली चुना करडा झाला होता, ओल्या अंगठ्याने दाबल्यासारखा. पाहता पाहता शेजारच्या रिव्हेटभोवती कडे उमटले, मग त्याच्या शेजारच्या. कडी एकमेकांना भिडली. भट्टीच्या दाराइतक्या उंचीवर एक थेंब जमला, लोंबला आणि पायाखालच्या पत्र्यावर पडला.

मॅथ्यू वळला. त्याने थेंबाला बोट लावून हुंगले. मग दुसरा हात भट्टीच्या दारावर ठेवला. लोखंड अजून कोमट होते. तो तिथून दोन पावले मागे सरला.

डॉड्स पुढे आला, नखाने चुना खरवडला आणि त्याने टोपी काढली. "सबंध आयुष्य हेच केलं, बाईसाहेब."

"यजमानांनीही केलं. कोळसा पाझरत नाही, डॉड्स."

"मला कामावरून रजा द्या."

"रजा कसली मागता? भिंत तुम्ही बांधली, तुम्हीच उकला. एकही रिव्हेट राहता कामा नये. पुन्हा ठोकाल तेव्हा नवसागराचं पिंप गोदीच्या फाटकाबाहेर असेल."

त्याने मान हलवली. फॉसेट साहेबांनी शिक्का न मारताच पिशवी बंद केली. "पुढल्या वेळीही तेलानंच तपासायचं?"

"प्रत्येक टाकी."

मॅथ्यू डॉड्सजवळ गेला. "काका, रिव्हेट तोडायला मीही येतो."

"आधी वर जा, शहाण्या," डॉड्स म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "हात धू. बोटांना रॉकेल लागलंय आणि जातीचा इंजिनिअर तू, पहिल्यांदा शेकोटीच शोधशील."

मॅथ्यू हसला नाही, पण शिडी चढून गेला. रिव्हेटांना हात लावण्याआधी टाकी रिकामी करायची होती, आणि तीही विस्तवाशिवाय, हातपंपाने. मी शिडीच्या कठड्याला हात घातला, तेव्हा डॉड्सने कोट काढून पंपाचा दांडा स्वतः धरला होता.