गिरणीवाल्याच्या घरचे मुसळ

मी मुसळ आहे, खैराच्या लाकडाचे. मला जुने म्हणालात तर माझी हरकत नाही, कारण मी जुने आहेच. पण म्हातारे म्हणू नका. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला फक्त लग्नघरात, आंब्याची पाने बांधून हळदीकुंकू लावलेले पाहिले असेल. त्यावरून मी शोभेची वस्तू आहे असा समज करून घेऊ नका. मी कामाची वस्तू आहे. मला कुणी नुसते उभे करून ठेवले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

डोळखांबच्या वर डोंगरात एक पाडा आहे. तिथल्याच रानात मी वाढले. चांगो सुताराने मला तासले, मूठ बसावी म्हणून मधोमध बारीक केले आणि टोकाला लोखंडी कडे ठोकले. पाड्यावरची गोजर लग्न होऊन धसईला निघाली तेव्हा तिच्या आईने मला तिच्यासोबत गाडीत घातले. गोजर तेव्हा कोवळी पोर होती, पण तिचे दंड माझ्याच लाकडाचे असावेत असे मला वाटे. एका हातातून दुसऱ्या हातात मी कधी गेले ते मलाही कळत नसे. कांडता कांडता ती ओव्या म्हणायची आणि तिचा श्वास कधी तुटायचा नाही. हातसडीचे तांदूळ खावेत तर गोजरच्या हातचे, असे धसईत बोलले जाई. ते ऐकून मी फुगत असे, हे लपवण्यात काय अर्थ आहे?

अशी बरीच वर्षे गेली. मग गोजरच्या नवऱ्याने, सावळारामाने, धसईच्या बाजारात भाताची गिरणी घातली. तेलावर चालणारे ते इंजिन दिवसभर फटफट करी आणि पोतीच्या पोती भात गिळून तांदूळ बाहेर टाकी. बायकांचे कष्ट वाचले, याचा मला आनंदच झाला. वाईट याचे वाटले की त्या दिवसापासून मला दाराआड उभे केले ते केलेच. माझ्यावर छत्री अडकवू लागले. कोंबडी माझ्या बुडाशी अंडी घालू लागली.

दाराआडून मी गोजरला पाहत होते. गिरणीवाल्याच्या बायकोला घरात गडी होता, बाई होती. गोजरची चाळिशी उलटली, अंग सुटले, आणि पाणवठ्यावरून येताना ती दोनदा टेकू लागली. मुरबाडच्या वैद्यांनी विश्रांती घ्या, दूध प्या असे सांगितले. तिने ते मनापासून ऐकले आणि आणखी जड झाली.

त्या वर्षी गौरीला ती माहेरी निघाली. पाड्यावर गाडी जात नाही, डोंगर पायीच चढावा लागतो. अर्ध्या वाटेत गोजरला अशी धाप लागली की तिचा भाऊ दामू घाबरला आणि त्याने डोली मागवली. आता तिकडे डोलीतून कोण येते? बाळंतपणात अडलेली, नाहीतर शेवटच्या घटका मोजणारा. परत आल्यावर गोजरने शेजारच्या जनीला सारे सांगितले, ते मी दाराआडून ऐकले. तिच्या आईला डोळ्यांनी फारसे दिसत नव्हते. डोली आली एवढे ऐकून म्हातारी धडपडत बाहेर आली, डोलीत हात घालून लेकीचे तोंड चाचपले आणि म्हणाली, "माज्या आदी तूच चाललीस का गो?"

हे सांगताना गोजर रडली. मग तिने डोळे पुसले, छत्री बाजूला काढली आणि मला हातात घेतले. पुढच्या गौरीला आपल्या पायांनी आईच्या दारात जायचे, असे तिने जनीसमोर ठरवले. जनी हसली. या वयात कसले खूळ, असे म्हणाली.

पहिल्या दिवशी गोजर विशीतल्यासारखे कांडायला गेली. थोड्याच वेळात हातांना फोड आले, खांदा सुजला आणि पुढचे काही दिवस ती कण्हत पडून राहिली. मी हलके झाले नाही. मला दया येत नव्हती असे नाही, पण हलके होणे माझ्या हातात नाही आणि तिनेही ते मागितले नाही. ती उठली आणि शहाण्यासारखी वागू लागली. आधी सूपभर भात, भिंतीला न टेकता. ते जमले, मग टोपलीभर. ते जमल्यावर तिने ओवी धरली. श्वास न तुटता एक ओवी पुरी झाली पाहिजे, असा तिचा पण होता. दसऱ्याला ती पहिल्याच शब्दांत अडकत होती. होळी आली तेव्हा ओवी निम्म्यावर गेली होती. मी तिचा श्वास ऐकत होते, आणि आठवणीतली ती पोर पुन्हा दिसत नव्हती हेही खरे. ही दुसरीच बाई होती, सावकाश चालणारी आणि हट्टी.

पण गावात भलतेच झाले. गिरणीवाल्याच्या घरातून कांडण्याचा आवाज येतो म्हटल्यावर लोकांनी काय समजावे? गिरणीच्या तांदळात काहीतरी खोट असणार, म्हणून तर मालक स्वतः हातसडीचे खातो. कुणी म्हणाले, इंजिनाच्या धगीने तांदळातला जीव जातो. बायका भाताच्या टोपल्या घेऊन घरी परतू लागल्या. सावळारामाने बायकोला आधी समजावले, मग दार लावून कांडायला सांगितले. गोजर म्हणाली की ती चोरी करत नाही. शेवटी एके सकाळी त्याने जमिनीत पुरलेल्या उखळात माती भरली, चोपली आणि वर शेणाने सारवून टाकले. मला वाटले, संपले सगळे. माझा इतका संताप झाला की कडे निखळते की काय असे वाटले.

गोजर आरडाओरडा करत बसली नाही. सारवलेल्या जागेकडे बघून तिने विचारले, "हे काय केलंत तुमी?"

"येवडंच वेड हाय तर ने ते मुसळ माहेराला," सावळाराम म्हणाला. "हितं आवाज नको."

"नेईन. गौरीला नेईन, खांद्यावर घालून."

तोवर ती जनीच्या उखळात कांडत राहिली, भर अंगणात. आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगत राहिली की गिरणीचा तांदूळ चांगला आहे, कांडते ती तांदळासाठी नाही, छातीसाठी. लोक तोंडावर हो म्हणत आणि पाठीमागे हसत. तिची ओवी श्रावणात पुरी झाली.

गौरी आल्या. गाडी डोंगराच्या पायथ्याशी थांबली. सावळारामही सोबत होता. बायको मधेच बसेल तेव्हा कुणीतरी पाहिजे, असे म्हणून तो आला होता. भावाने डोली पाठवलीच होती, चार गडी वाट पाहत उभे होते. गोजरने त्यांच्याकडे पाहिलेही नाही. तिने पदर खोचला, मला खांद्यावर घेतले आणि चालू लागली. वाट निसरडी होती. ती थांबली, हे मी सांगणारच, कारण मला खोटे बोलता येत नाही. तीन ठिकाणी थांबली, उभ्याउभ्याच दम घेतला आणि पुन्हा चालली. मागून आणखी एकाची धाप ऐकू येत होती. दिवसभर गिरणीत गादीवर बसणाऱ्या सावळारामाचे पोट आणि डोंगर यांचे जमेना. तो एका दगडावर बसला, मग आडवा झाला. रिकामी डोली घेऊन मागोमाग आलेल्या गड्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि ती त्याच्यापुढे ठेवली.

त्याला घेऊन डोली आम्हाला मागे टाकून गेली, त्यामुळे पाड्यावर आधी तीच पोचली. आम्ही शेवटच्या वळणावर होतो, तिथून अंगण दिसत होते. डोली आली रे आली, म्हातारी चाचपडत बाहेर आली. तिने आत हात घातला, तर हाताला मिशा लागल्या.

पाडा हसत असतानाच गोजर अंगणात आली. तिने मला भिंतीला टेकवले आणि आईपुढे उभी राहिली. म्हातारीने तिचा दंड चाचपला, पुन्हा चाचपला.

"ह्यो हात कुनाचा गो?"

"माजाच हाय, आये. चालत आलेय मी."

म्हातारी बराच वेळ तो दंड सोडेना. सावळाराम डोलीतून उतरला होता. तो खाली मान घालून म्हणाला की घरी गेल्यावर उखळ मोकळे करतो. त्याने ते केले. मला पुन्हा धसईला आणले, या वेळी गाडीपर्यंत त्यानेच उचलून.

मित्रांनो, आता मी मुठीच्या जागी झिजले आहे आणि माझे कडे सैल झाले आहे. कुणी मला जपून माळ्यावर ठेवा म्हणतात. तशी काळजी मला नको. मला वाळवी लागली तर ती माळ्यावरच लागेल, उखळात नाही. तुमच्या घरातली जी माणसे आता आपले वय झाले म्हणून बसून आहेत, त्यांनाही असे जपू नका. त्यांना उठू द्या, दमू द्या, फोड येऊ द्या. आणि कुणी हसले, तर हसणाऱ्यासाठी पायथ्याशी एक डोली ठेवा.