दारावरची ‘डी’

मंजुषा नेरुळच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. जर्मनीत नोकरी मिळण्यासारखी होती, पण आधी जर्मन भाषेची परीक्षा पास व्हायला हवी होती. म्हणून ड्यूटी संपली की ती सानपाड्यात घराजवळच्या क्लासला जायची.

नमिता मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “जर्मनमध्ये प्रत्येक नामाला लिंग असतं. डेर म्हणजे तो, डी म्हणजे ती, डास म्हणजे ते.” शेजारची मल्याळी मुलगी रडकुंडीला आली; तिच्या भाषेत वस्तूंना लिंगच नसतं. मंजुषा मात्र खूश झाली. तो, ती, ते तर आपण बोलायला लागल्यापासून वापरतोय!

ही खुशी चमच्यापर्यंत टिकली. चमचा तिकडेही तोच निघाला. पण काटा ‘ती’ होता आणि सुरी चक्क ‘ते’. सूर्य बाई, चंद्र बुवा. दूध ती, लोणीसुद्धा ती.

“मॅडम, याला काही नियम?”

“थोडे आहेत. पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस. शब्द पाठ करायचा तो आर्टिकलसकट.”

मग मंजुषानं घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या. फ्रीजवर डेर, घड्याळावर डी, पाण्याच्या पिंपावर डास. तिचे वडील हौसेराव कांदा-बटाटा मार्केटात मुकादम होते. त्यांना भारी मजा वाटली. जेवताना ते ताटातली एकेक वस्तू उचलून विचारायचे, “ही कोण म्हणायची?” आई वेणूबाई मात्र वैतागली होती.

“घरात डास काय कमी हायत, म्हणून आता कागदावर लिवून लावतीयास?”

त्यातच मंजुषाला बघायला पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा विश्वजित जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. मूळ गाव यांच्यासारखंच साताऱ्याकडचं. वेणूबाईंनी बजावलं, “रविवारी एक चिठ्ठी दिसता कामा न्हाई.” मंजुषाची शनिवारी रात्रपाळी होती, म्हणून सकाळी आईनंच सगळ्या चिठ्ठ्या ओरबाडून काढल्या. दाराला बाहेरून लावलेली तेवढी राहिली. आपल्याच दाराकडे बाहेरून कोण बघतं?

पाहुण्यांनी बघितलं. विश्वजितचे वडील शहाजीराव बेल वाजवून उभे होते, मागे विश्वजित. त्यांची बहीण गोजरा आत्या बँकेतून रिटायर झालेली, इंग्रजी वाचणारी. दार उघडलं तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“काय हो, दारावर ‘डाय’ लिहिलंय. मर म्हणून? कुणाला उद्देशून?”

वेणूबाईंचा चेहरा उतरला. “अगं बया! सोसायटीतली पोरं, दुसरं कोण…”

“मी लिहिलंय,” आतून मंजुषा म्हणाली. “ते डाय नाही, डी आहे. स्पेलिंग तेवढं सारखं. जर्मनमध्ये दार ‘ती’ असतं.”

वेणूबाईंनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं म्हणून त्यांनी मनात त्यावर पाणीही सोडलं. पण आत्या आत येऊन बसली ती थेट मंजुषासमोर.

“मग मी कोण?”

“डी टांटे. आत्या तिकडेही ती.”

“आणि आमचा विश्वजित?”

“डेर.”

“आणि तू?”

मंजुषा घुटमळली. “मुलगी डास असते. म्हणजे… ते.”

शहाजीराव मांडीवर थाप मारून हसले. “आमच्या गावाकडं म्हणतात की, ते पोरगं!”

“अन् लगीन झाल्यावर?” आत्यानं सोडलं नाही.

“मग बाई. डी फ्राऊ. ती.”

“बघा!” वेणूबाईंनी संधी साधली. “मग लवकर उरकूनच टाकूया की!”

सगळे हसले. मंजुषा लाल झाली. मोठ्या माणसांनी दोघांना गॅलरीत पाठवलं, तेव्हा ती घाईघाईनं म्हणाली, “मी जर्मनीला जाणार आहे. नक्की. हे आधीच सांगितलेलं बरं.”

“आणि मी यार्ड सोडणार नाही. सध्या तरी,” विश्वजित म्हणाला. मग त्यानं विचारलं, “कंटेनर काय असतो?”

“डेर.”

“क्रेन?”

तिनं आठवून बघितलं. आठवेना. मराठीच्या सवयीनं ती म्हणाली, “डी.”

त्यानं मोबाइलवर शोधलं. “डेर आहे. चुकलात.”

पाहुणे गेले. होकार नाही, नकारही नाही. “परीक्षा होऊ द्या,” एवढंच आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत विश्वजितचा मेसेज आला. एका हेल्मेटचा फोटो आणि खाली प्रश्नचिन्ह. मंजुषानं उत्तर पाठवलं: डेर. मग दोरखंड आला, शिडी आली, कुंपणावर बसलेला कावळा आला. यार्डातलं मांजरही येऊन गेलं. एकदा तर यार्डच्या साहेबांच्या टकलाचा फोटो आला. त्याचं आर्टिकल शोधता शोधता ती नर्सिंग स्टेशनवर एकटीच हसत बसली. चुकलं की तो फक्त लिहायचा, “साहेब नाराज.” हळूहळू शब्द तोंडात यायचा तोच आपलं आर्टिकल घेऊन.

तोंडी परीक्षेत तिला दुसऱ्या उमेदवाराबरोबर सहलीचा बेत ठरवायचा होता. केकला ती डी म्हणाली, लगेच जीभ चावून डेर केलं. पुढे पुन्हा दोनदा घसरली. पण बोलणं थांबवलं नाही. कोण काय आणणार, कुणी गाडी चालवायची, पाऊस आला तर काय करायचं, सगळं तिनं ठरवून टाकलं. समोरच्या परीक्षक बाई शेवटी हसल्या.

निकाल लागला. पास! हौसेरावांनी अख्ख्या मजल्याला ओरडून सांगितलं. वेणूबाई लसूण सोलत होत्या, त्यांचा हात थांबला.

“म्हंजे आता जाणारच तू?”

“हो, आई.”

“तिकडं थंडी लई असंल.” त्यांनी नाक ओढलं. “एक गोधडी शिवाया घेते. जाडसर.”

मंजुषा त्यांच्याजवळ खाली बसली आणि लसूण सोलू लागली.

संध्याकाळी विश्वजित पेढे घेऊन आला. पेढ्यांचा पुडा तिच्या हातात देत म्हणाला, “माझा होकार आहे. दोन वर्षं, तीन वर्षं, लागतील तेवढी लागू देत. तुम्हाला घाई नाही. तिकडे गेल्यावर विचार करून सांगा.”

“तिकडून कशाला?” मंजुषा म्हणाली. “इथूनच सांगते.”

स्वयंपाकघरातून वेणूबाई ओरडल्या, “काय सांगतीया? जरा मोठ्यानं बोला की!”