वाफ कुणाची

या गोष्टीवर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसला तर नाव बदलीन. ताई, तुझं वाढणं थांबव जरा. भावोजी, हातातला पेला खाली ठेवा, आणि गोष्ट संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही. भाचीबाई, तूही नाही.

तर एक मुलगी होती. परक्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह बघायचं काम करायची. बघायचं म्हणजे काय, ग्रह दिसतच नाही मुळी. तो आपल्या ताऱ्यापुढून सरकतो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, आणि ग्रहाला हवा असेल तर थोडा उजेड त्या हवेतून गाळून येतो. त्या गाळीव उजेडात ही दिवसभर नाक खुपसून बसलेली.

तिने निवडलेला ग्रह अगदीच बिचारा. त्याचा तारा लहानसा, लाल, आणि भलता तापट. कधी भडकेल नेम नाही, आणि भडकला की जवळच्या ग्रहाच्या अंगावरची हवा पार ओरबाडून काढेल असा मारा. हा ग्रह तर त्याचा हात पोहोचेल इतक्या जवळ. बाकीचे म्हणायचे, सोड गं, तिथे नुसता दगड उरला असेल. ही म्हणायची, नाही, टिकली असेल हवा. एवढा हट्ट कशासाठी, हे तिला कुणी विचारलं नाही.

ते कळायला तिच्या घरी जायला हवं होतं. तिचा बाप कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. संध्याकाळी कुलपात किल्ली फिरायची, आणि त्या आवाजावरून आई ओळखायची, आज रेडिओ चालू ठेवायचा की बंद करायचा. बंद झाला की मुलगी दप्तर उचलून गुपचूप जिन्यावर जाऊन बसायची. पुढे बाप निवृत्त झाला, पण दाब काही उतरला नाही.

आणि एक दिवस त्या गाळीव उजेडात पाण्याची खूण सापडली. ग्रहाच्या हवेत वाफ! पेपरातही छापून आलं. बापाला खूणबिण कळली नाही, पण वाफ कळली. जन्मभर दुसरं केलंय काय! "आमच्या पोरीने वाफ शोधली," असं तो कारखान्याच्या फाटकापासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत सगळीकडे सांगत सुटला. घरातली आदळआपट बंद. आई ओट्यापाशी गुणगुणायला लागली. आईला गाता येतं, हे मुलीला तोवर माहीतच नव्हतं.

मग मुलीने तोच ग्रह पुन्हा पाहिला. या खेपेला ताऱ्यावरचे डाग बरेच कमी झाले होते. आणि ग्रहावरची वाफही नेमकी तेवढीच कमी! असल्या ताऱ्यावरचे डाग बाकीच्या अंगापेक्षा थंड असतात, इतके की तिथे चक्क वाफ टिकते. दिव्याच्या काचेवर डाग असावा, तो पडद्यावर दिसावा, आणि आपण पडदा धुवायला टाकावा, तशातली गत. वाफ खरी होती, पण ताऱ्याची. ग्रहाला हवा आहे की नाही, कुणास ठाऊक.

अगं भाचीबाई, टेबलाखालून लाथा कशाला मारतेस? गोष्ट दुसऱ्याच कुणाची तरी आहे.

ऑफिसात तिने लगेच सांगून टाकलं. तिथली माणसं हळहळली आणि पुन्हा कामाला लागली. घरी मात्र तिची जीभ उचलेना. सांगितलं की आईचं गाणं संपलं. न सांगावं तर सोमवारी पेपरात दुरुस्ती छापून येणार, आणि बाप पेपरातल्या जाहिरातीसुद्धा न सोडणारा. शेवटी तिने मामाला सांगितलं. मामाच्या बोलण्यावर घरात कुणाचाच विश्वास नाही, म्हणजे गुपित तिजोरीत ठेवल्यासारखं.

तर रविवारी जेवताना तिने चमचा खाली ठेवला.

"बाबा, ती वाफ ग्रहाची नव्हती. ताऱ्याची होती. चुकलं माझं."

वाढता वाढता चाललेलं आईचं गुणगुणणं जागच्या जागी थांबलं. आता ऐका, पटणार नाही म्हटलं ते हेच. बाप म्हणाला, "काटा दाखवेल तोच दाब खरा, बाळ. आपल्याला हवा तो नव्हे. पुन्हा बघ तू." आणि बायकोकडे वळून म्हणाला, "तू का थांबलीस? म्हण की पुढचं."

"खोटं!"

भावोजी उभे राहिलेत. पेला अजून त्यांच्या मुठीतच आहे. ताई त्या पेल्याकडे बघतेय, भाची ताईकडे.

"साफ खोटं! तो बाप म्हणजे मीच ना? मग असं बोललो असतो होय रे मी? कधी बोललोय?"