फाटक्या कडेचा झगा

मी एका बॅरिस्टरबाईंचा काळा झगा बोलतोय. माझे खांदे विटलेत, बाहीवर चहाचा डाग आहे आणि खालची कड वीतभर फाटलीय. त्या कडेचीच ही गोष्ट.

शिंप्याकडे मला पहिल्यांदा अंगावर घालून बाई म्हणाल्या होत्या, "खिसा खोल करा हो, खोकल्याच्या गोळ्या मावल्या पाहिजेत." चोर, खुनाचे आरोपी, परदेशातून जीव घेऊन पळालेले, सगळ्यांसाठी त्या घसा फोडायच्या. जिंकल्या की मला खुर्चीवर फेकायच्या. हरल्या की नीट घडी घालायच्या. ती घडी मला नकोशी वाटायची.

मग छापखान्यातल्या एका कामगाराचा प्रत्यार्पणाचा खटला आला. पोलिसांनी उचलून नेलेल्या माणसांची नावं त्याने आपल्या देशात छापली होती. तिथलं सरकार आता चोरीचा आळ घेऊन त्याला परत मागत होतं. छळ करणार नाही, असं हमीपत्रही त्यांनी दिलं होतं. त्याची बहीण रोज मागच्या बाकावर बसायची.

त्या सरकारच्या साक्षीदाराची बाईंनी पार भंबेरी उडवली. न्यायाधीशांनीही मान डोलावली. बाई खाली बसल्या. उत्तर ठाऊक नसेल तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचा नाही, हे त्याच सगळ्यांना शिकवायच्या. तरी त्या पुन्हा उठल्या. माझी कड खुर्चीच्या खिळ्यात अडकली. बसा हो बाई, बसा! त्यांनी हिसका देऊन मला सोडवलं.

"अशा हमीवर परत नेलेला एक तरी माणूस धडधाकट आहे? दाखवा!"

"आहे की," म्हणत साक्षीदाराने फायलीतून पत्र काढलं. सोबत परत नेलेल्या एकाचा हसरा फोटो.

त्या फोटोवरच निकाल फिरला. जाताना कामगार म्हणाला, "ताई, मनाला लावून घेऊ नका." बाईंनी त्याच्या हातात गोळ्यांची पुडी ठेवली. दुसरं काय देणार होत्या?

बहीणही त्याच्या मागोमाग मायदेशी गेली. सात आठवड्यांनी तिचा फोन आला. "ताई, दादाला घरी आणून दिलं. तोंड बघू दिलं नाही. कपडे तेवढे दिले. खिशात गोळ्यांची पुडी होती... तुमचीच ना?"

तेव्हापासून मी बाईंच्या कचेरीतल्या खुंटीवर आहे. बाईंचे यजमान एकदा सुई घेऊन आले. "दोन टाके घालू का गं?"

"हात लावू नका."

बाई, नका शिवू मला. फाटकाच घाला, पण घाला. बाहेरच्या बाकावर सकाळपासून एक बाई बसलीय. तिचाही भाऊ कोठडीत आहे.