सरकीची पुरचुंडी

सहदेवनं मडकं उचललं आणि सरळ बायकोच्या हातात दिलं, तिथंच पार्बताबाईचं बिनसलं.

दिवाळी होऊन कापसाची पहिली वेचणी घरात आली होती. दूर कुठल्याशा मुलखात गोऱ्या लोकांची आपसात लढाई जुंपली होती म्हणे, आणि तिच्यापायी वऱ्हाडच्या कपाशीला कुणी कधी ऐकला नव्हता असा भाव आला होता. अकोल्यात एकानं तर बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढवल्या. बडनेऱ्याच्या अलीकडच्या त्या खेड्यात ज्याच्यापाशी गाडी-बैल होते तो अमरावतीच्या बाजारात गाडी भरून खानदेशाकडे निघाला होता, कारण आगगाडी तेव्हा तिथवरच आली होती. भाडं असं मिळत होतं की घरी बसणाऱ्याला लोक वेड्यात काढत. सहदेवही निघाला. खेपांमागून खेपा करून तो वैशाखात अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच परतणार होता.

आता घरचा माणूस इतके महिने बाहेर म्हटल्यावर मागची देणी कशी भागायची? त्याचीच सोय त्या मडक्यात होती. ज्याचं त्याचं देणं फडक्यात बांधून वेगळं ठेवलेलं, आणि प्रत्येक पुरचुंडीच्या कोपऱ्याला एका छोट्या गाठीत खूण. तीळ असला तर तेल्याची, मिठाचा खडा असला तर वाण्याची, ज्वारीचा दाणा असला तर सरकारच्या साऱ्याची. ही रीत पार्बताबाईची स्वतःची. नवरा पटकीत गेला तेव्हा पदरात एवढासा सहदेव होता आणि अक्षराशी ओळख नव्हती, तेव्हा तिनं ती काढली आणि तिच्यावर घर तारून नेलं. ती गाठी बांधायची आणि पोरगं शेजारी बसून सरकीवरचा पांढरा तूस सोलायचं. आतून काळी बी निघाली की ती आईपुढं धरून म्हणायचं, "माय, पाह्य, डोळा." आणि आज त्याच पोरानं ते मडकं कालच्या सुनेच्या हवाली केलं. आईला विचारलंसुद्धा नाही.

त्यामागचं कारण पार्बताबाईला ठाऊक होतं, पण ते कबूल कोण करणार? गेल्या पोळ्याला तिनं वाण्याची पुरचुंडी तेल्याला दिली होती. तेली बिचारा हसत परत घेऊन आला तेव्हा "मस्करी केली तुही" असं म्हणून तिनं वेळ मारून नेली. खरी गोष्ट ही की तिच्या डोळ्यांपुढं दोन-तीन वर्षांपासून धुकं उतरलं होतं आणि दिवसेंदिवस दाट होत होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. घरात ज्याला दिसत नाही त्याला कोपऱ्यात बसवतात, बाजेवर भाकर आणून देतात आणि मग विचारायचं सोडून देतात. तिला त्या कोपऱ्याची फार भीती वाटायची. म्हणून ती अंदाजानं सरळ चालायची, सवयीनं चूल पेटवायची, आणि सून दिसायला कशी हे कुणी विचारलं तर "लाखात एक" म्हणून मोकळी व्हायची.

जमुना मोर्शीकडच्या माळ्याची पोर, भाजीच्या वाफ्यात वाढलेली, कामाला वाघीण. पण या पुरचुंड्यांच्या बाबतीत मात्र अगदीच ढ, असं पार्बताबाईचं मत झालं. देणं भागवायचा दिवस आला की ही मडक्यातून एकेक काढून सासूपुढं येऊन बसायची.

"आत्याबाई, ही कोनाची हो?"

"दे इकडं." पार्बताबाई नाक मुरडत कोपरा चिमटीत धरून चुरायची. "तेल्याची हाय वं. एवढा तीळ दिसून नाही राहिला का तुले?"

"नाही बा. तुमीच देऊन टाका त्याले."

मग पार्बताबाई स्वतःच्या हातानं तेल्याला पैसे द्यायची, वर दोन गोष्टी सुनवायची, आणि त्या दिवशी तिला भाकर दोन घास जास्त जायची. पोरानं अशा पोरीच्या हाती कारभार दिला, आता भोग म्हणावं, असंही मनात यायचं. खोटं कशाला बोला, त्यात तिला थोडं बरंही वाटायचं.

थंडी ओसरत आली होती. जमुना शेवटच्या वेचणीला शेतात गेलेली असताना पुंजाराम कोतवाल साऱ्याचा हप्ता मागायला दारात आला. संध्याकाळी ये म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पार्बताबाईला सुरसुरी आली. सुनेवाचूनही माझं अडत नाही, हे दाखवायची संधी चालून आली होती. तिनं मडक्यात हात घातला आणि कोपरे चाचपले. मीठ, तीळ, पुन्हा तीळ, मग एक टणक दाणा. औंदा ज्वारी चांगलीच टपोरी भरली, असं मनाशी म्हणत तिनं ती पुरचुंडी कोतवालाच्या हातावर ठेवली.

उन्हं कलली तशी जमुना परतली, आणि तिच्या पाठोपाठ पुंजाराम पुन्हा दारात हजर.

"खुशालराव पाटलानं वापस धाडली," तो ओशाळून म्हणाला. "म्हने, पार्बतामायच्या घरून साऱ्याले ज्वारी येते. ह्या गाठीत सरकी हाय. दुसऱ्या कोनाचं देनं असन. पैशाले हात नाही लावला त्याईनं."

जमुनानं मडक्यातून ज्वारीची पुरचुंडी काढून दिली. कोतवाल गेला. पार्बताबाई परत आलेली पुरचुंडी मांडीवर घेऊन उंबऱ्याशी तशीच बसून राहिली. अख्ख्या गावाला तिची रीत पाठ होती आणि तिला स्वतःलाच ती ओळखता आली नव्हती. तिचं सगळं अवसान गळालं.

"जमुने," ती म्हणाली, "मले दिसत नाही."

"मले माहीत हाय, आत्याबाई."

"कधीपासून?"

"लगीन होऊन आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी समजलं. तुमी मले शेजारची मनकर्णा समजल्या, अन् मह्यापाशीच मही चुगली केली. म्हने सून बरी हाय, पन भाकर जाड करते."

पार्बताबाईला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

"मंग दर खेपेले मह्याकडं काहून येत होती वं? तुले त तीळ समजत नव्हता."

"समजत होता. पन तुमच्या हातानं देनं गेलं की तुमी दिवसभर बोलता, हासता. नाही त तोंड फुगवून बसता. मले या घरात तुमच्याबिगर करमत नाही." एवढं बोलून जमुना आपल्याच पदराशी चाळा करत राहिली.

सरकीची पुरचुंडी अजून मांडीवर होती. "अन् ही कोनाची?" पार्बताबाईनं विचारलं.

"ते नका इचारू. त्याईनं शपथ घातली हाय."

पार्बताबाईनं कोपऱ्याची गाठ सोडली. बोटांना आधी मऊ तूस लागला. तिनं तो अंगठ्याच्या नखानं सोलायला घेतला आणि खालची बी गुळगुळीत लागू लागली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी ती काळी आहे हे तिला कुणी सांगायला नको होतं. एवढंसं पोर समोर उभं राहिलं, चिमटीत बी धरलेलं. *माय, पाह्य, डोळा.*

"मह्या डोळ्याची हाय," ती हळूच म्हणाली.

आता शपथ कुठली टिकते? "एलिचपूरले एक हकीम मोतीबिंदू काढते म्हनतात," जमुना म्हणाली. "तुमचे लेक अखाजीले आले की तुमाले गाडीत घालून नेनार हायेत. पयले सांगतलं असतं त तुमी म्हनल्या असत्या..."

"म्हातारीच्या डोळ्यावर कशाले पैसा घालता. असंच म्हनली असती मी." पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला आणि पोटभर रडून घेतलं. तीन-चार महिने ज्या मडक्यावर ती रुसून बसली होती, त्यातली सगळ्यांत जड पुरचुंडी तिचीच होती.

मग तिनं डोळे पुसले, कमरेच्या बटव्यातून जपून ठेवलेला चांदीचा रुपया काढला आणि जुन्या लुगड्याची एक पट्टी फाडली.

"हे काय, आत्याबाई?"

"मह्यं एक देनं राह्यलं हाय. तुह्या लग्नात मी सुनमुख केलं, तुह्या हातात कडं घातलं, सगळ्याइले सांगतलं की सून लाखात एक हाय. पन पोरी, मले काहीच दिसलं नव्हतं. तुह्यं तोंड मी अजून पाह्यलंच नाही. डोळा उघडला की हे देनं पयले फेडीन. खूण काय टाकू, सांग."

जमुना उठली, डब्यातून हळकुंडाचा तुकडा घेऊन आली आणि सासूच्या तळहातावर ठेवला. पार्बताबाईनं गाठ मारली, पुरचुंडी मडक्यात सगळ्यांच्या वर ठेवली, मडकं जमुनाकडं सरकवलं आणि म्हणाली, "तुह्यापाशी राहू दे. अन् जवळ ये."

जमुना जवळ सरकली. पार्बताबाईनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं. बोटं कपाळावरून, भुवयांवरून, ओल्या गालांवरून फिरत हनुवटीशी येऊन थांबली.

"लाखात एक," ती म्हणाली, आणि या वेळी ते खोटं नव्हतं.