ड्रमची किल्ली

नेहरू नगरात धनंजयसाहेबांच्या नव्या घराची स्लॅब वैशाखातल्या एका सकाळी घातली जायची होती. तिच्यासाठी काँक्रीटची पहिली गाडी चिंधूने स्वतः मागून घेतली, तेव्हा कंपनीतल्या सोबत्यांना नवल वाटले. ज्याचे नाव निघताच हा मनुष्य थुंकतो, त्याच्याच घरी हा हौसेने का निघाला? चिंधूने चाकांवर पाणी शिंपडले, स्टिअरिंगला हात जोडले आणि गाडी बाहेर काढली.

त्याच्या गाडीच्या पाठीवर काँक्रीटचा अजस्र ड्रम होता. इंजिन चालू असेतो ड्रम फिरतो, आणि फिरतो तोवरच आतला माल जिवंत राहतो. तो थांबला, की माल बसतो आणि घटकाभरात दगड होतो. हे ज्ञान वीस वर्षांच्या नोकरीने चिंधूच्या हाडांत मुरवले होते. परंतु गाड्यांचा कारभार पाहणाऱ्या धनंजयसाहेबांनी गतवर्षी प्रत्येक गाडीत एक यंत्र बसवले. उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटांहून अधिक चालले, की त्याची नोंद ऑफिसात उमटे आणि ड्रायव्हरचा पगार कापला जाई. त्या यंत्राला इंजिन कळत होते, ड्रम कळत नव्हता.

चिंधू साहेबांपुढे जाऊन उभा राहिला होता. "साहेब, मी झोपून नाई राहत जी. ड्रम फिरवून राहिलो असतो."

"एसी लावून घोरता आणि नाव ड्रमचं सांगता?" साहेब सर्वांदेखत हसले होते. "डिझेल काय तुमच्या सासऱ्याच्या विहिरीतून येतं, चिंधूभाऊ?"

त्यानंतर माघात रसमड्याच्या एका कारखान्यात तासभर खोळंबा झाला. कापल्या पगाराला विटलेल्या चिंधूने नियमाप्रमाणे इंजिन बंद केले, आणि माल बसला. तेव्हा साहेबांनी स्वतःच्या सहीने दुसरा कागद काढला: ज्याच्या हुकमाने वा चुकीने माल ड्रममध्ये बसेल, त्यानेच तो आत उतरून फोडावा.

छन्नी-हातोडा घेऊन ड्रममध्ये उतरण्याची ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे, आणि ती देवघरातल्या सोवळ्याइतकी कडक पाळली जाते. जो आत उतरतो, गाडीची किल्ली त्याच्याच कमरेला असते. बाहेरच्या कोणी अजाणता इंजिन चालू केले, तर आतल्या माणसाचे हाडही सापडायचे नाही. चिंधू उतरू लागला, तेव्हा साहेबांनी त्याच्या करगोट्याची किल्ली काढून घेतली. "गाडी कंपनीची, किल्लीही कंपनीची," असे म्हणून ते ती बोटावर फिरवीत ऑफिसात गेले.

दोन दिवस त्या अंधाऱ्या पोकळीत चिंधूने दगड फोडला. बाहेर कोणाचे पाऊल वाजले, की त्याचा हातोडा थांबे. दुसऱ्या दिवशी कोणीतरी गाडीचे दार धाडकन लावले, आणि चोपन्न वर्षांच्या त्या गृहस्थाची विजार ओली झाली. तो बाहेर आला, तेव्हा साहेब ऑफिसच्या दारात उभे होते. त्यांनी खाली पाहिले आणि हसले. घरी बायकोने, सिंधुताईने, एक अक्षर न विचारता ती विजार धुतली. तिच्या त्या न विचारण्याने चिंधूच्या उरात जी आग लावली, ती आजवर विझली नव्हती.

नेहरू नगरात मांडव पडला होता. साहेबांच्या मातोश्री रत्नमालाबाई पोलाद कारखान्याच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरमध्ये सारे आयुष्य काढून आता या घरात येणार होत्या. त्यांनी गाडीच्या चाकाला हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला आणि चिंधूपुढे पेढा धरला. "घे बाबा, तोंड गोड कर."

"काम झाल्यावर घेईन, माय."

अर्धा माल वर गेला आणि काँक्रीट चढवणारा पंप तुंबला. उन्हाळ्यात असा खोळंबा हटकून होतो, हे चिंधूला ठाऊकच होते. रसमड्याहून मिस्त्री यायला तास लागणार होता. चिंधू खाली उतरला आणि शांतपणे मांडवात गेला. तेथे कंपनीचे शेठ बसले होते, आणि साहेब त्यांना आपल्या यंत्राने किती डिझेल वाचवले ते रंगवून सांगत होते.

"साहेब, पंप बसला. इंजिन चालू ठेवू का बंद करू?"

शेठ कौतुकाने पाहू लागले. साहेबांची छाती फुगली. "माझं घर म्हणून वेगळा कायदा? बंद कर."

"मंग मालाच्या चलानवर तेवढं लिहून द्या जी. मांगच्या खेपेले माह्यावर आलं होतं."

शेठ हसून म्हणाले, "देख लो, कितना पक्का आदमी है।" साहेबांनी ऐटीत लिहिले आणि सही केली.

चिंधूने इंजिन बंद केले. ड्रमचा घरघराट थांबला आणि गल्ली एकाएकी मुकी झाली. तो सावलीत जाऊन बसला. ऊन चढत होते, लोखंड तापत होते, आणि आत काय होत आहे ते तेथे त्याला एकट्यालाच ठाऊक होते. मिस्त्री येऊन पंप सुरू झाला, तेव्हा त्याने किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरले. ड्रम हलला नाही.

साहेब धावत आले. "हे काय केलंस बे?"

"तुमचा हुकूम केला जी."

चलान शेठच्या हाती गेले, मग रत्नमालाबाईंच्या. पाठोपाठ चिंधूने खिशातून तो जुना कागदही काढून दिला. मातोश्रींनी दोन्ही सह्या ताडून पाहिल्या. मघाचे हसू शेठच्या तोंडावर उरले नव्हते. मजूर अर्धवट स्लॅबवर ओणवे होऊन खाली पाहत होते.

"सही तुह्यीच हाय न, धनू?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "मंग उतर."

"आई, लोक पाहून राहिले."

"पाहू दे. तुह्या बापानं पस्तीस वर्सं भट्टीपुढे काढली. तू एक दिवस काढ."

चिंधूने छन्नी-हातोडा साहेबांच्या पायाशी ठेवला. साहेबांनी बूट काढले. ड्रमच्या झडपेतून कमरेपर्यंत आत गेल्यावर ते थांबले, आणि त्यांचा हात बाहेर आला.

"चिंधूभाऊ, किल्ली."

"गाडी कंपनीची, साहेब. किल्लीही कंपनीची."

तो हात काही क्षण तसाच पसरलेला राहिला, मग आत गेला. चिंधूने इंजिन बंद करून बॅटरीची तार मघाशीच काढून ठेवली होती. ती गाडी आता कोणाच्या बापालाही चालू करता आली नसती. पण हे आतल्या माणसाला ठाऊक नव्हते, आणि चिंधू ते सांगणारही नव्हता.

आतून हातोड्याचे घाव येऊ लागले. चिंधूने रत्नमालाबाईंकडून पेढा मागून घेतला आणि गाडीच्या पायरीवर बसून सावकाश खाल्ला. अधूनमधून तो किल्ली नुसती खुळखुळवी. ती वाजली, की ड्रममधला हातोडा थांबे.